पाइड म्हटलं की थांबायचं

ऑगस्ट लागला की आमचा गोमर केस कापायचं बंद करायचा. तो एकटा नव्हे, त्याच्या फुटबॉल क्लबातले सगळेच. खेळताना डोक्यावर काही घालायची पद्धत नव्हती. समोरच्याचा गुडघा आदळायचा तो थेट कवटीवर. म्हणून केसांचीच गादी करायची. नोव्हेंबर उजाडेपर्यंत हे अकरा दांडगट चॅपलमध्ये पुढच्या बाकांवर बसले की मागच्यांना पाद्रीबुवा दिसत नसत. मी विचारायचे, "गोमर, वेणी घालून देऊ का रे?" तर म्हणायचा, "घाल. रिबन तेवढी लाल आण." असल्या माणसाला बोलून काय उपयोग, सांगा!

गोमर ट्रहार्न माझा थोरला भाऊ. वेल्समधून आम्ही पेनसिल्व्हेनियात आलो ते पत्र्याच्या कामासाठी. इथे पेनडेरिनला कारखाना निघाला तेव्हा तिकडचं अर्धं गाव इकडे आलं, भाषा, भजनं आणि भांडणं सगळं घेऊन. गोमरने लग्न केलं नाही. माझ्या आणि एनॉकच्या घरी वरच्या खोलीत राहायचा आणि खाली येऊन माझं डोकं खायचा. एनॉक बेनन म्हणजे माझा नवरा. शांत, सरळ, बैलासारख्या खांद्यांचा. दोघे कारखान्यात एकाच टोळीत आणि मैदानातही एकाच बाजूला. मी लग्न एनॉकशी केलं की फुटबॉल क्लबाशी, हा प्रश्न मला दर शनिवारी पडायचा.

अमेरिकेतला हा फुटबॉल तसा सोपा. चेंडू काखोटीला मारायचा आणि समोरच्यांत घुसायचं. तीन खेपांत पाच यार्ड पुढे सरकलात तर चेंडू तुमच्याकडे राहिला, नाहीतर त्यांच्याकडे गेला. पार शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवला की पाच गुण, आणि मग लाथेने दांड्यांच्या मधून उडवला की वर एक. बाकी सगळा ढीग! चेंडूवाला एक पडला की त्याच्यावर दहा पडणार. आपलेही पडणार, त्यांचेही पडणार. आपल्या माणसाला ढकलायला आणि ओढायला मुभा होती, म्हणून मी सगळ्यांच्या विजारींना कमरेजवळ चामड्याच्या मुठी शिवून दिल्या होत्या. एनॉकची मूठ सगळ्यांत भक्कम शिवली, कारण ओढायचे ते त्यालाच.

या सगळ्याचे पैसे कुणाला मिळत नव्हते बरं का. कुणी घेतलेही नसते. हौशी क्लब म्हणवून घेण्याचा केवढा ताठा त्यांना! दिवसभर भट्टीसमोर भाजून निघायचं, संध्याकाळी कारखान्यामागच्या माळावर एकमेकांच्या अंगावर पडायचं आणि फाटके कॅनव्हासचे कोट माझ्यापुढे आणून टाकायचे.

आणि हे सगळं कशासाठी? रिव्हरव्ह्यूसाठी. पिट्सबर्गचा तो बड्या लोकांचा क्लब. वकील, बँकवाले, कॉलेजात खेळून तयार झालेले. दर नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला ते आमच्याकडे यायचे, आम्हाला धुऊन काढायचे, हसून हात मिळवायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. पाच वर्षं हेच चाललं होतं. क्लब काढला गोमरने, कप्तान गोमर, आणि पाचही वेळा हात मिळवायला पुढे जायचा तोही गोमर.

१९०१च्या वसंतात डॉक्टरने त्याचा उजवा गुडघा दाबून पाहिला आणि सांगितलं, आणखी एक हंगाम खेळलास तर खेळ, त्यानंतर खेळलास तर जन्मभर काठी घेऊन चालशील. गोमर घरी आला, स्वयंपाकघरात बसला आणि म्हणाला, "एकदा, लाउरी. एकदाच त्यांना हरवायचंय. मग तुझी भांडी घासत बसेन." भांड्यांचं मी मनावर घेतलं नाही, पण त्याचा चेहरा पाहिला आणि पुढचं बोलणं गिळलं. छत्तीस वर्षांच्या माणसाने आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं.

आता पाइडचं सांगते. आमच्या वेल्श भाषेत पाइड म्हणजे थांब, नको. घरोघरी आया पोरांना उठताबसता म्हणतात आणि पोरं ढिम्म ऐकत नाहीत. पण कारखान्यात तो शब्द निराळा. तिथे पोलादाचे दोन जाडजूड रोलर एकावर एक फिरत असतात. तापून लाल झालेला पत्रा एकाने पुढून त्यांच्यात सारायचा, दुसऱ्याने मागून चिमट्याने धरायचा आणि वरून परत द्यायचा. एकाच इंजिनावर सगळी रांग चालते, त्यामुळे एका माणसासाठी रोलर थांबत नाहीत. मग माणसांनी थांबायचं. कुणाचा पाय घसरला, कुणाचा हात अडकला, कुणीतरी "पाइड!" ओरडलं, की हातातलं खाली टाकायचं आणि जागच्या जागी उभं राहायचं. कोण ओरडलं, का ओरडलं, विचारायचं नाही. मान वळवून बघायचंसुद्धा नाही. कामावर लागल्या दिवशी पहिलं हेच शिकवतात, आणि एकदा अंगात मुरलं की ते निघत नाही. लग्नानंतर मी एकदा एनॉकला सहज "पाइड, पाइड" म्हटलं, तर त्याने हातातला कप सोडून दिला! दुसरा कप फुटल्यावर मी तो शब्द घरातून हद्दपार केला.

त्या हंगामात आमची माणसं खेळली, अगदी नजर लागावी अशी. भावाचं आणि नवऱ्याचं कौतुक म्हणून सांगत नाही. खोटी स्तुती माझ्या तोंडून निघत नाही, विचारा कुणालाही. एरवी इतर क्लब ओरडाओरडा करत खेळायचे. आमचे एकमेकांकडे बघायचेसुद्धा नाहीत. वर्षानुवर्षं लाल पत्रा एकमेकांच्या हाती देत आलेली माणसं ती. शेजारचा कधी पाऊल टाकणार हे त्यांना न बघता कळायचं. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर निम्मा गेला, आम्ही हरलो नव्हतो. गोमर रात्री गुडघ्याला गरम मीठ बांधायचा आणि वर तोंड करून गायचा.

मग आले हॅरोगेटचे काचवाले, तिथल्या काचेच्या कारखान्याचा क्लब. त्यांच्यातला एकजण, मेला, आमच्या कारखान्यात दोनतीन महिने काम करून गेला होता. आम्ही पुढे होतो, चेंडू एनॉककडे होता, समोर मोकळं मैदान. आणि हा ओरडला, "पाइड!"

अकराच्या अकरा जण थांबले. एनॉकने चेंडू हळूच गवतावर ठेवला आणि उभा राहिला. त्या काचवाल्याने चेंडू उचलला, आरामात पळत गेला आणि आमच्या रेषेपलीकडे टेकवून आला. हॅरोगेटचे प्रेक्षक हसून हसून लोळायचे बाकी होते. खेळ संपायच्या आत त्याने तेच पुन्हा केलं आणि हे पुन्हा थांबले! जिंकलेला सामना हातचा गेला. पुढच्या आठवड्यात पेपरात आमच्यावर चित्र छापून आलं, अकरा पुतळे आणि पळणारा एक काचवाला.

पेपर आला त्या संध्याकाळी सगळे माझ्या स्वयंपाकघरात जमले. गोमर संतापाने लाल झाला होता. "बस झालं. मैदानात तो शब्द कानावर घ्यायचा नाही. कारखान्याचं कारखान्यात."

कोपऱ्यात केलेबकाका पाइप ओढत बसले होते. गोमरच्या टोळीत रोलरच्या मागच्या बाजूला चिमटा घेऊन उभे राहायचे ते. साठी आली तरी हात अजून चपळ. म्हणाले, "गोमर, कानाला वार कळत नाहीत रे. शनिवार आहे की सोमवार, ते कसं कळायचं त्याला?"

"शिकवू कानाला," गोमर म्हणाला. "काका, मला हा एकच हंगाम आहे. रिव्हरव्ह्यूने पेपर वाचला नसेल असं वाटतं तुम्हाला?"

शिकवायचं ठरलं. आणि ओरडायला कोण? तर मी! म्हणे आख्ख्या पेनडेरिनमध्ये माझ्यासारखा आवाज नाही. ही तारीफ होती की काय, मी अजून ठरवलेलं नाही. रोज संध्याकाळी मी माळावर उभी राहून केकाटायचे, "पाइड!" आणि त्यांनी थांबायचं नाही, पळत राहायचं. पहिल्या दिवशी सगळे खांबासारखे थांबले. एनॉक तर मला "माफ कर गं" म्हणाला. पण हळूहळू जमायला लागलं. आधी एक थांबेना, मग चार थांबेनात. पुढच्या आठवड्याच्या शेवटी माझा घसा बसला आणि एकही पठ्ठ्या थांबला नाही. गोमरने मला उचलून गरकन फिरवलं.

सोमवारी कारखान्यात पत्रा रोलरमधून बाहेर येताना मुडपला आणि केलेबकाकांच्या चिमट्यासकट हातमोजा त्यात गुंतला. काका ओरडले, "पाइड!" पुढे गोमर होता. त्याच्या हातात दुसरा पत्रा होता, लाल तापलेला. आणि त्याने तो सारला. पापणी लवायला लागते तेवढाच उशीर झाला, मग तो भानावर आला, एनॉकने काकांना मागे खेचलं. हात वाचला, पण कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलून निघाली.

गोमर घरी आला तो जेवला नाही. चुलीपुढे आपले दोन्ही पंजे समोर धरून बसून राहिला. "ऐकू आलं होतं, लाउरी," तो म्हणाला. "ऐकू आलं, आणि हात थांबला नाही."

रोज संध्याकाळी ओरडणारी मीच होते.

तेवढ्यात दार उघडून केलेबकाका स्वतःच आत आले, हात फडक्यात गुंडाळून गळ्यात अडकवलेला. मला वाटलं, आता हे म्हणणार, 'मी सांगत नव्हतो?' तर नाही. बाकावर बसले आणि म्हणाले, "लाउरी, रस्सा आहे का गं? डॉक्टरने पाव खा म्हणून सांगितलं. पावाने कुणाचं भलं झालंय?" मी मटण आणि कांद्याच्या पातीचा रस्सा वाढला. डाव्या हाताने सांडत सांडत ते खात होते. गोमरने उठून चमचा त्यांच्या हातातून घेतला आणि त्यांना भरवायला लागला. मी तोंड फिरवून भांडी आवरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांना माळावर गोळा केलं. "ऐका. शिकवणी बंद. पाइड म्हटलं की थांबायचं. इथे, चॅपलात, झोपेत, कुठेही. कुणीही म्हणो. कुत्र्याने म्हटलं तरी थांबायचं."

"हरलो तर?" कुणीतरी विचारलं.

"हरलो तर हरलो."

"आणि रिव्हरव्ह्यू?" हे एनॉकने विचारलं. त्याच्याशिवाय कुणाची छाती झाली नसती.

गोमर गुडघा चोळत राहिला. "तेव्हाचं तेव्हा बघू," म्हणाला, पण ते त्यालाच पटलं नव्हतं हे मला लांबून दिसत होतं.

पुढच्या दोन सामन्यांत समोरच्यांनी तो शब्द वापरून पाहिलाच. आमचे थांबले, प्रत्येक वेळी थांबले. पण चेंडू परत मिळाल्यावर असे काही चवताळून खेळले की दोन्ही सामने जिंकूनच घरी आले. दुसऱ्या सामन्यानंतर तर समोरच्या गावची म्हातारी माणसंच आपल्या पोरांवर खेकसली, लाज वाटते का म्हणून. मला इतका अभिमान वाटला की मी त्यातल्या एका आजोबांना आमच्या तव्यावरच्या गोड चकत्यांचा आख्खा डबा देऊन टाकला. एनॉक डबा शोधत राहिला.

थँक्सगिव्हिंगच्या सकाळी मी सणाचा हंस भाजायला भट्टीत घालत होते. गोमर बुटांचे बंद बांधता बांधता म्हणाला, "नाणेफेकीच्या वेळी मी त्यांच्या कप्तानाला सांगणार आहे. पाइडबद्दल."

माझ्या हातातला चमचा खाली पडला. "काय सांगणार आहेस?"

"हेच. हा आमचा शब्द आहे, आम्ही त्याला थांबतो, आणि का थांबतो."

"अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? त्यांना माहीत नसेल तर आपणहून सांगायचं? जा, जाऊन गळाही पुढे कर!"

"माहीत असेलच त्यांना. पेपरात आलंय."

"पेपरात थट्टा आलीय!"

"तेच तर," तो म्हणाला. "थट्टा आलीय. खरं काय ते आलं नाही. त्याला तो शब्द वापरायचाच असेल तर तो काय आहे हे कळल्यावर वापरू दे." मी एनॉककडे पाहिलं, की हा तरी काही बोलेल. तो खिडकीपाशी उभा राहून चकत्या खात होता. "बरोबर आहे त्याचं," म्हणाला. दोन वेड्यांच्या घरात मी एकटी शहाणी!

दुपारी गारांचा सडा पडून गेला होता आणि माळाचा चिखल झाला होता. कारखान्याला सुट्टी, सगळं गाव दोराच्या कडेने उभं. मी मधोमध जागा पटकावली, हातात छत्री. रिव्हरव्ह्यूचा कप्तान मिस्टर फिस्क, लेलंड फिस्क. वकील. उंच, गोरटेला, इस्त्रीचा माणूस. नाणं वर जाऊन खाली आलं आणि गोमर त्याच्याशी बोलायला लागला. मी कान टवकारले.

"मिस्टर फिस्क, एक सांगायचं होतं," म्हणत त्याने सगळं सांगितलं. रोलर, इंजिन, केलेबकाकांचा हात, सगळं. "त्या शब्दाने तुम्हाला आज जिंकता येईल," गोमर म्हणाला. "आम्ही थांबणार. तेवढं माहीत असू द्या."

फिस्कने हात पुढे केला. "ट्रहार्न, आमच्याकडून तो शब्द कुणीही उच्चारणार नाही. माझं वचन."

वकिलाचं वचन! मी छत्री घट्ट धरली.

काय खेळले आमचे त्या दिवशी! पहिल्या अर्ध्यात रिव्हरव्ह्यूने चेंडू पार नेला आणि दांड्यांमधून उडवलाही. सहा गुण. दर वर्षी एवढ्यावर आमचे खांदे पडायचे. यंदा नाही. दुसऱ्या अर्ध्यात इंच इंच करत, एनॉकला मुठीने ओढत, गोमरला मागून ढकलत त्यांनी चेंडू पलीकडे नेऊन टेकवला. पाच गुण! मी शेजारच्या पाद्रीबुवांच्या पाठीत जोरात थाप मारली. मग लाथेचा एक गुण राहिला. ओला चेंडू दांड्यावर आपटून बाहेर गेला. सहा विरुद्ध पाच. अंधारून यायला लागलं होतं. गोमर लंगडत होता आणि लंगडत नसल्याचं दाखवत होता. फिस्कने मात्र वचन पाळलं होतं. मैदानात सगळं ऐकू आलं, शिव्यासुद्धा, पण तो शब्द नाही.

पंचाने हाताने खूण केली, शेवटची खेप. त्यासाठी यांनी एक युक्ती हंगामभर राखून ठेवली होती. चेंडू एनॉकला दिल्याचं नाटक करायचं. एनॉकने पोटाशी हात आवळून, वाकून, मधोमध घुसायचं. आपल्यांनीही त्याला खराच चेंडूवाला समजून ढकलायचं. आणि गोमरने चेंडू मांडीआड लपवून कडेने सुटायचं. एनॉकने ते इतकं हुबेहूब केलं की मीसुद्धा फसले. दोन्ही बाजूंचे सगळे त्याच्यावर कोसळले. केवढा तो ढीग! आणि मग कडेला बघते तो गोमर एकटा पळतोय. समोर कुणी नाही. गुडघा ओढत, पण पळतोय. सगळं गाव किंचाळत होतं. रेषा आली, आलीच, आणखी चार ढांगा आणि पाच वर्षांचं उट्टं निघणार होतं.

"पाइड!"

आमच्यातल्या कुणाचा आवाज नव्हता तो. शहरी, वेडावाकडा उच्चार, पण शब्द तोच. आवाज ढिगाकडून आला होता.

गोमर थांबला. चेंडू खाली ठेवला आणि पाठमोरा उभा राहिला, हात मोकळे सोडून. मागून पळत आलेला रिव्हरव्ह्यूचा एकजण चेंडूवर पडला.

मी सांगते, माझ्या डोळ्यांपुढे लाल पडदा आला. दोराखालून घुसले, छत्री उगारून. माझ्यामागे निम्मं गाव. "लबाड! वचनभंग्या! वकील कुठला!" आणि आणखी बरंच, जे चॅपलच्या बायकांनी मला पुढे बरेच दिवस ऐकवलं. फिस्क ढिगापाशीच होता. मी छत्री खाली आणणार, इतक्यात तो गुडघ्यांवर बसलेला दिसला. आमचे सगळे ढिगातून केव्हाच बाजूला होऊन जागच्या जागी उभे होते, हात मोकळे. रिव्हरव्ह्यूचे उरलेले धडपडत उठत होते. आणि सगळ्यांच्या खाली चिखलात तोंड रुतलेला माणूस होता. मान एका बाजूला मुडपलेली. चेहरा निळा.

माझा एनॉक होता तो.

फिस्क त्याच्या तोंडात बोटं घालून चिखल काढत होता. त्यांच्यातला एकजण डॉक्टर होता, त्याने मान धरून एनॉकला कुशीवर वळवलं आणि पाठीवर थापा मारल्या. एक, आणखी एक. मी छत्री कुठे टाकली मला आठवत नाही. मग एनॉकने असा काही श्वास ओढला की तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"मी आधी ओरडलो, उठा म्हणून," फिस्क धापा टाकत म्हणाला. त्याच्या कपाळावर, भुवयांवर चिखल. "ओरडत राहिलो. कुणी ऐकेना. सगळ्यांना वाटलं चेंडू खाली आहे. याचं तोंड दिसत होतं मला आणि हात पोचत नव्हता. मग तो शब्द आठवला. मिसेस बेनन, तुमची माणसं एका क्षणात उठली. एका क्षणात!"

मी त्याचा चिखलाचा हात धरून त्यावर डोकं टेकलं. दुसरं काय करणार होते?

पंच आला, त्याने वेळ संपल्याचं सांगितलं. चेंडूवाल्याने आपणहून चेंडू खाली ठेवला, म्हणजे खेप तिथेच संपली. सहा विरुद्ध पाच. फिस्क ताडकन उभा राहिला आणि त्याच्याशी भांडायला लागला, आपल्याच क्लबाविरुद्ध! "तो मी ओरडल्यामुळे थांबला. गुण त्यांना द्या!" पंच म्हणाला, "आरोळी ऐकून थांबावं असं नियमात कुठे लिहिलंय?" फिस्क आणखी चिडला. पंच काही बधेना. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो गोमर तिकडे बघतही नव्हता. तो एनॉकच्या डोक्यापाशी बसून त्याच्या कानातला चिखल रुमालाने पुसत होता.

घरी एनॉकला चुलीशेजारच्या बाकावर निजवलं. खांद्याचं हाड मोडलं होतं, मान सुजली होती, पण माणूस शुद्धीत होता. थोड्या वेळाने घोगऱ्या आवाजात म्हणाला, "गोमर, पोचलास ना रे?"

त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तो ढिगाखाली पडला तेव्हा युक्ती फळली होती.

"नाही पोचलो," गोमर म्हणाला.

"का? कडा तर मोकळी होती."

"कुणीतरी पाइड म्हणालं."

"अस्सं," एनॉक म्हणाला. "मग झालं." आणि त्याने डोळे मिटून घेतले. कोण म्हणालं, कशासाठी म्हणालं, काही विचारलं नाही. पुढे आठवडाभराने कुणी सांगेपर्यंत ती आरोळी त्याच्यासाठीच होती हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

मी हंस कापायला घेतला. गोमर टेबलाशी येऊन बसला, सुजलेला पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून. मला राहवेना.

"खरं सांग. फिस्क फसवतोय असं तुला वाटलं नाही?"

"वाटलं की," तो म्हणाला. "पक्कं वाटलं. पळता पळता शिवीसुद्धा आली तोंडात."

"चार ढांगा होत्या रे, गोमर! पाच वर्षं याच्यासाठी... आणि तो खोटं ओरडतोय असं वाटूनही थांबलास?"

"थांबल्यावरच कळतं ना, लाउरी, खरं होतं की खोटं," तो म्हणाला. "आधी कळत नाही."

मग त्याचा चेहरा वाकडा झाला आणि तो रडला. हरल्याबद्दलच रडला, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. ज्याला एकच गोष्ट हवी होती त्याची ती गेली होती. मी सुरी खाली ठेवली, त्याच्या शेजारी बसले आणि मीही रडले. बाकावर माझा नवरा घोरत होता, आणि त्या दिवशी त्या घोरण्याइतकं गोड मला काही ऐकू आलं नव्हतं.